बांधावरची कळलावी : देखणी, औषधी आणि जीवघेणीही

निपाणी : आषाढ सरत आला की आमच्या भागात बांधावर, करवंदीच्या जाळीत, निवडुंगाच्या कुंपणात एक फूल पेटतं. पेटतं म्हणजे अक्षरशः पेटल्यासारखं दिसतं. खाली पिवळं, वर लालभडक, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या आणि कडा नागमोडी. लांबून बघितलं तर कुणीतरी जाळीत छोटा पलिता लावून ठेवलाय असं वाटावं. ही कळलावी. कोणी खड्यानाग म्हणतं, कोणी वाघनखी, कोणी इंदई. आमच्याच शेजारी कन्नड बोलणारे तिला अग्निशिखे म्हणतात, आणि संस्कृतातही ती अग्निशिखाच.

या फुलावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण निमित्त मिळालं ते एका फोनमुळे. निपाणीजवळच्या एका गावातले शेतकरी, वयाने माझ्यापेक्षा मोठे. म्हणाले, "दादा, तुमी बी.कॉम. झालाय न्हवं? एक हिशोब मांडून द्या. कळलावी लावा म्हणून एक माणूस आलाय. कंद तोच देणार, बी तोच विकत घेणार. अर्ध्या एकराचं आगाऊ पैसं मागतोय. तंबाखूचं रान मोडू का?"

त्यांना फोनवर जे सांगितलं, आणि त्यानंतर चार पुस्तकं उलटून, दोन-चार जाणकारांना विचारून जे कळलं, ते सगळं इथे मांडतो. कारण असा फोन उद्या चंदगडात, गडहिंग्लजला, खानापुरात कुणालाही येऊ शकतो.

वेल कशी ओळखायची?

कळलावी ही कंदापासून दरवर्षी नव्याने उगवणारी वेल. मृगाचा पाऊस झाला की जमिनीतून कोंब येतो, आधाराला काही मिळालं की माणसाच्या उंचीच्याही वर जाते. तिला वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच लांब होऊन गुंडाळतं आणि शेजारच्या काटकीला धरतं. ही खूण लक्षात ठेवली तर फूल नसतानाही वेल ओळखता येते.

फुलाला सहा पाकळ्या, सहा पुंकेसर. कळी हिरवी असते, उमलताना पिवळी होते, मग खालून पिवळी वरून लाल, आणि शेवटी पूर्ण तांबडी. त्यामुळे एकाच वेलीवर तीन-चार रंगांची फुलं दिसतात आणि लोकांना वाटतं की या वेगवेगळ्या जाती आहेत. तसं नाही. ते एकाच फुलाचं वय आहे.

फुलानंतर लांबट हिरवी बोंडं धरतात. ती पिकून वाळली की फुटतात आणि आत नारिंगी-लाल बिया दिसतात. दिवाळीनंतर वेल वाळते, आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. खाली कंद मात्र झोपलेला असतो.

हा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन हात फाकलेला. नांगराला संस्कृतात लांगल म्हणतात, आणि कंदाचा आकार तसाच म्हणून आयुर्वेदात या वनस्पतीचं नाव लांगली. आमच्या शेतकऱ्यांना हे सांगितलं तर लगेच पटतं.

नाव कळलावी कशामुळे?

आमच्याकडे कुणी घराघरांत भांडणं लावत असेल तर त्याला कळलाव्या म्हणतात. म्हणून हे फूल घरात आणलं की भांडण होतं, अशी समजूत आजही आहे. पण नावाचं मूळ दुसरं आहे. कळा म्हणजे बाळंतपणाच्या कळा. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून जुन्या काळी सुइणी या कंदाचा लेप लावायच्या. संस्कृतात या वनस्पतीला गर्भपातिनी असंही नाव आहे. त्या नावातच धोक्याची सूचना आहे हे विसरू नये.

दुसरीकडे हेच फूल गौरीच्या सणातही आहे. भाद्रपदात नदी-ओढ्याकाठून गौरी आणताना तेरड्याबरोबर काही गावांत कळलावीची फुलंही असतात, त्यांना गौरीचे हात म्हणतात. म्हणजे एका घरात वर्ज्य आणि दुसऱ्या घरात पूजेला, असं हे फूल आहे.

आपल्या भागात कुठे?

कळलावी भारतात जवळजवळ सगळीकडे आहे. श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतही आहे. स्वीडनच्या लिनियसने 1753 साली तिला शास्त्रीय नाव दिलं, ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत, आता कोल्चिकेसी या कुळात धरतात.

आपल्या पट्ट्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या घाटाकडे जंगलाच्या कडेला, पलीकडे चंदगड-आजऱ्याच्या बाजूला, आणि इकडे तवंदी घाटासारख्या डोंगरउतारांवर तिला हवी तशी जागा मिळते. कणकुंबीचा पाऊस आणि निपाणीचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक, तरी वेल दोन्हीकडे तग धरते. तिला तीनच गोष्टी लागतात : पाण्याचा निचरा होणारी तांबडी किंवा मुरमाड जमीन, अर्धवट ऊन आणि चढायला एखादं झुडूप. म्हणून ती घनदाट जंगलात कमी, आणि जंगलाच्या कडेला, बांधावर, जुन्या कुंपणात जास्त सापडते.

आता अडचण इथेच आहे. जुनी कुंपणं जाताहेत. करवंद, निवडुंग, शेर काढून लोक तारा आणि सिमेंटचे खांब लावतात. बांध कोरून सरी वाढवतात. रस्ता रुंद करताना जेसीबी आला की दोन्ही कडांची झुडपं एका दिवसात साफ होतात. त्यात कंदाला मागणी आली की उकरणारेही येतात.

बी गोळा केलं तर वेल राहते, कंद उकरला तर वेल संपते. कारण दरवर्षी जुना कंद झिजून त्याच्या जागी नवा तयार होतो, आणि तोच पुढच्या वर्षीचा जीव असतो. बियांपासून उगवलेलं रोप फुलावर यायला तीन-चार वर्षं घेतं. म्हणजे एका दुपारी जे उकरलं ते भरून यायला निदान तीन-चार पावसाळे लागतात.

जाती किती?

आपल्याकडच्या रानात एकच जात आहे. परदेशात बागकामवाल्यांकडे आणखी प्रकार मिळतात. रोथशिल्डियाना नावाचा मोठ्या, गडद लाल फुलांचा प्रकार प्रसिद्ध आहे. पूर्वी ती वेगळी जात मानत, आता बरेच अभ्यासक ती सुपर्बातच धरतात. ल्युटिया हा पूर्ण पिवळ्या फुलांचा प्रकार. जपानच्या कोची प्रांतात तर या फुलांची शेती होते, फुलदाणीत ठेवायला ती विकली जातात.

झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल. 1947 साली राजकन्या एलिझाबेथ आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना तिथे याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. भारतात तामिळनाडूचं हे राज्यफूल आहे. महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण, कर्नाटकाचं कमळ. आमच्या सीमाभागाच्या बांधावर उगवणारी कळलावी दोघांच्याही यादीत नाही. पण तिला यादीची गरज नाही, तिच्या जीवाला धोका दुसराच आहे.

पैसा कशात आहे?

कळलावीच्या बियांत आणि कंदात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. गाऊट, म्हणजे सांध्यांत युरिक ॲसिड साचून पायाचा अंगठा सुजतो तो आजार, त्यावर हे जुनं औषध आहे. युरोपात ते पूर्वीपासून कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या फुलापासून काढतात. अमेरिकेत अन्न आणि औषध प्रशासनाने 2009 मध्ये कोल्चिसिनच्या स्वतंत्र गोळीला रीतसर मान्यता दिली.

दुसरा उपयोग पीकशास्त्रात. कोल्चिसिनने रोपाच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात, हे 1937 च्या सुमारास कळलं. आपण बाजारातून बिनबियांचं कलिंगड आणतो, त्याच्या पैदाशीत या द्रव्याचा हात आहे.

म्हणून बियांना गिऱ्हाईक आहे, आणि ते बहुतांश निर्यातीचं आहे. तामिळनाडूत दिंडीगुल, करूर, तिरुप्पूर या जिल्ह्यांत कळलावीची मोठी शेती होते. तिथे तिला कण्वली किळंगु म्हणतात. बियांचा भाव किलोला हजार रुपयांच्या पुढे जातो, कधी काही हजारही होतो. हे ऐकूनच आमच्या शेतकऱ्याचे डोळे मोठे झाले होते. पण तो भाव कोसळतोही. हमीभाव नाही, आपल्याकडच्या बाजार समितीत सौदा नाही, घेणारे व्यापारी मोजके. त्यांनी एका हंगामात हात आखडता घेतला की माल घरात पडून राहतो.

लागवड कशी करतात?

जमीन : तांबडी, निचऱ्याची. काळ्या चिकण रानात पाणी साचलं की कंद कुजतो. निपाणी परिसरातलं तंबाखूचं, उसाचं काळं रान तिच्या कामाचं नाही. खानापूर-चंदगडची उताराची तांबडी जमीन त्या मानाने बरी, पण तिथे पाऊस फार, म्हणून गादीवाफे उंच करावे लागतात.

कंद : साधारण पन्नास-साठ ग्रॅमचा निरोगी कंद. डोळा कंदाच्या टोकाला असतो. हाताळताना टोक मोडलं तर तो कंद उगवत नाही. लावण पावसाच्या तोंडावर, आडवा ठेवून, दोन-तीन इंच मातीखाली.

आधार : वेल चढायला तारांचा मांडव किंवा काटेरी झुडपांची रांग. तामिळनाडूत तारा आणि जिवंत कुंपण दोन्ही वापरतात.

परागीकरण : खरी मेहनत इथे. या फुलात स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जाते, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःवर सहजी पडत नाही. रानात फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी हे काम करतात. शेतात एवढ्या फुलांना ते पुरत नाहीत, म्हणून रोज सकाळी बायका एकेका फुलाला हाताने पराग लावत फिरतात. फुलोरा असेपर्यंत हे काम चुकत नाही. मजुरी इथेच जाते.

कीड-रोग : पानं खाणारी एक ठिपकेदार अळी या वेलीवर हमखास येते, एका आठवड्यात वेल बोडकी करते. पानावरचा करपा आणि कंदाची कूज हे दोन रोग.

काढणी : लावणीपासून साडेपाच-सहा महिन्यांनी. बोंडं वाळवून बी काढायचं.

आता हिशोब

अंतर साठ बाय पंचेचाळीस सेंटीमीटर धरलं तर वीस गुंठ्यात सुमारे 7,500 कंद बसतात. पन्नास ग्रॅमने धरले तरी 375 किलो कंद झाले. एजंट किलोला जो भाव सांगेल त्याने गुणून बघा. पाचशे म्हणाला तर 1,87,500 रुपये नुसत्या कंदाचे. त्यावर मांडव, ठिबक, औषधफवारणी, रोजची मजुरी.

उत्पन्न किती? तामिळनाडूतल्या कृषी तज्ज्ञांच्या माहितीनुसार पहिल्या दोन वर्षांत हेक्टरी साधारण दोनशे ते अडीचशे किलो बी, पुढे जम बसला की चारशे-पाचशेपर्यंत. म्हणजे आपल्या वीस गुंठ्यात पहिल्या वर्षी चाळीस-पन्नास किलो. तेही तिथल्या कोरड्या हवेत, अनुभवी हातांनी. किलोला दोन हजार मिळाले असं धरलं तरी पन्नास किलोचे एक लाख. पहिल्या वर्षी कंदाचे पैसेसुद्धा निघत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कंद घरचे असतात, तेव्हा गणित सुधारतं. पण तोवर टिकायची ताकद पाहिजे, आणि घेणारा माणूस तिसऱ्या वर्षी फोन उचलायला पाहिजे.

मी त्या शेतकऱ्यांना एकच विचारलं, "काका, तो माणूस नफा कशातून कमावणार? तुमचं बी विकून, की तुम्हाला कंद विकून?" ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "कंद विकूनच की."

निपाणीच्या शेतकऱ्याला भावाचं दुखणं नवं नाही. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथे जे आंदोलन झालं ते आजही घराघरांत सांगितलं जातं. एका पिकाला व्यापारी मोजके असले की काय होतं, हे या मातीला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

तरीही कुणाला करायचंच असेल तर दोन-तीन गुंठ्यांवर करून बघावं. आगाऊ पैसे देण्याआधी लेखी करार, त्यात भाव, मुदत आणि माल न उचलल्यास भरपाई लिहून घ्यावी. कंद कुठून आणला त्याची पावती मागावी, कारण राखीव जंगलातून विनापरवाना कंद उकरणं हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. सल्ल्यासाठी अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय, मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र, पलीकडच्यांना कणेरीचं कृषी विज्ञान केंद्र. जाऊन विचारलं तर फसवणूक टळते.

विषाबद्दल स्पष्ट बोलू

आयुर्वेदात लांगली उपविषांत मोजली आहे. शुद्धी केल्याशिवाय वापरू नये, असं शास्त्रच सांगतं. वेलीचा प्रत्येक भाग विषारी, कंद आणि बी सगळ्यात जास्त. वाळलेला कंद आणि रताळं किंवा रानकंद यांत गफलत होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी भारतात आणि श्रीलंकेत आहेत.

हे विष फसवं आहे. पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. काही तासांनी उलट्या, जुलाब, पोटात आग. लोकांना वाटतं बाहेरचं खाणं बाधलं. मग एखाद्या दिवसाने थोडं बरं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी आत मूत्रपिंड, रक्त, हृदय यांच्यावर घाव होत असतो. वाचलेल्यांचे केस आठ-पंधरा दिवसांनी गळतात. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. म्हणून वेळ हेच औषध.

कंद किंवा बी पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी 108 ला फोन करा. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. तालुक्याच्या दवाखान्यात वेळ न घालवता आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या, आणि जे खाल्लं त्याचा तुकडा, वेल, बी, काही असेल ते पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना "कळलावी" एवढं न सांगता "कोल्चिसिन" हा शब्दही सांगा. कन्नड डॉक्टर असोत की मराठी, तो शब्द दोघांनाही कळतो.

आणि एक गोष्ट बायाबापड्यांसाठी. दिवस गेले असताना किंवा दिवस नको असताना कुणी या मुळीचा उपाय सांगितला तर ऐकू नका. त्यात बाळाबरोबर आईही जाते.

घरी एखादी वेल लावायची असेल तर

लावा की. फूल खरंच देखणं आहे. पण लहान मूल आणि मोकळं जनावर असलेल्या घरात नको. रोपवाटिकेतून कंद घ्या, रानातून उकरून आणू नका. मोठी कुंडी, खाली निचऱ्याची भोकं, माती, वाळू आणि शेणखत मिसळून. मेअखेरीस कंद आडवा ठेवा, वर दोन इंच माती. चढायला जाळी द्या. दिवाळीनंतर वेल पिवळी पडली की पाणी बंद करा आणि कुंडी पावसापासून दूर सावलीत ठेवून द्या. कंद काढून ठेवायचेच असतील तर स्वयंपाकघरात, रताळ्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीच ठेवू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. हात लावल्यावर साबणाने धुवा.

ज्यांच्या बांधावर ती आधीच आहे त्यांना एवढंच सांगणं : ती दोन-तीन फुटांची जाळी तोडू नका. फुलं गौरीला तोडलीत तरी वेल मरत नाही, फक्त सोबत कंद उपटू नका. मुलांना ओळख करून द्या, "हे बघायचं, तोंडात घालायचं नाही" एवढं वाक्य पुरे.

त्या काकांचा परवा पुन्हा फोन आला. तंबाखूचं रान त्यांनी मोडलं नाही. एजंटाला सांगितलं, आधी लिहून दे, मग बघू. तो परत आलेला नाही. त्यांच्या विहिरीच्या वरच्या बांधावर मात्र करवंदीत दोन वेली आहेत म्हणाले, आजवर लक्ष नव्हतं. यंदा फुलल्या की फोटो पाठवतो म्हणालेत.